किलो आणि पावशेर

३ मार्च, सोमवार

सोनोग्राफीच्या खोलीत एवढी थंडी की पाय गारठले. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. डावीकडे एक बाळ – ऐसपैस, पाण्यात लोळतंय. उजवीकडे दुसरं, कडेला चिकटलेलं, त्याच्याभोवती पाणी जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाई बराच वेळ गप्प. अशा गप्प माणसांनी माझं डोकं फिरतं. शेवटी म्हटलं, "बोला ना एकदाचं!"

बोलल्या. जुळी एकसारखी आहेत, दोघांत वार, म्हणजे प्लासेंटा, एकच. तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकमेकींत गुंतल्यात. छोट्याचं रक्त मोठ्याकडे चाललंय. छोटं सुकतंय आणि मोठ्याच्या हृदयावर भार येतोय. हातावर हात ठेवून बसलो तर बहुतेक दोन्ही जातील. विसावा आठवडा आहे. दिवस घालवू नका म्हणाल्या.

घरी येईपर्यंत नवरा एक शब्द बोलला नाही. हा नळजोडणीची कामं करतो, एरवी याच्या तोंडाला तोटी नाही! जिन्यात म्हणाला, "म्हणजे एका टाकीचं पाणी दुसरीत जातंय आणि परत यायला लाइन नाही. एवढंच ना?"

एवढंच! पिशवी तिथेच आपटली आणि वर आले.

४ मार्च, मंगळवार

सक्तीची रजा. बारा वर्षं दुकानादुकानांत वजनकाटे तपासत फिरलेली बाई मी, मला म्हणे पडून राहा. छताला तीन भेगा आहेत. दुपारपर्यंत पाठ झाल्या.

नावं ठेवून टाकली. मोठं ते किलो, छोटं ते पावशेर. नवरा हसला. कालपासून पहिल्यांदा.

संध्याकाळी डाव्या कुशीत टकटक. बारीक, पण नेमकी एकाच जागी. गेला आठवडाभर होतेय ती. किलोच! पडद्यावर डावीकडे तेच होतं. उजवी बाजू मात्र गप्प. तिकडे हात ठेवून अर्धा तास वाट पाहिली. काही नाही.

५ मार्च, बुधवार

ऑफिसातल्या नव्या निरीक्षक मुलीचा फोन. किराणा दुकानदार भांडायला आलाय, तुमच्या अहवालात चूक आहे म्हणतोय. वाचून दाखव म्हटलं. हिने लिहिलंय "डावं पारडं जड", आणि ही उभी होती दुकानदाराच्या समोर! त्याचं डावं ते हिचं उजवं. कुठलं पारडं ते कसं कळावं? फोनवरच झाडली. "काट्याच्या कुठल्या बाजूला उभी होतीस ते आधी लिहायचं! पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना?"

"सॉरी मॅडम. तुमची तब्येत कशी आहे?"

बिचारी. नंतर रडू आलं. तिच्यावर ओरडले म्हणून नाही.

६ मार्च, गुरुवार

मोठ्या हॉस्पिटलात गेलो. लेसरने ऑपरेशन करणारे सर्जन शांत आहेत, नखं अगदी आखूड कापलेली. तीन वाटा सांगितल्या. पहिली, काही करायचं नाही. दुसरी, पोटात बारीक दुर्बीण घालून वारेवरच्या गुंतलेल्या रक्तवाहिन्या लेसरने बंद करायच्या. दहातल्या सहाजणींची दोन्ही बाळं वाचतात, दोघी-तिघींचं एक, आणि एखादीच्या हाताला काहीच लागत नाही. शिवाय पाणी फुटू शकतं, कळा सुरू होऊ शकतात, जे वाचेल त्याच्या मेंदूला इजा असू शकते. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता, न उतरवता सांगितलं.

तिसरी वाट सांगताना मात्र पेन खाली ठेवलं. छोट्याच्या नाळेतला प्रवाह मधूनमधून थांबतोय. वारेचा वाटाही त्याला फार कमी आलाय. त्याची नाळच बंद केली तर मोठं वाचण्याची शक्यता बरीच जास्त.

नवऱ्याने विचारलं, "सगळे जोड तोडल्यावर छोट्याला त्याच्या स्वतःच्या लाइनवर पुरेल?"

सर्जन त्याच्याकडे बघतच राहिले. "तोच खरा प्रश्न आहे. बंद केल्याशिवाय कळत नाही."

परवानगीचा कागद घरी दिलाय. दोन चौकटी आहेत, लेसरची आणि नाळ बंद करण्याची. एकीत खूण करायची.

७ मार्च, शुक्रवार

आई आली. पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "जे धडधाकट आहे ते तरी पदरात पाडून घे गं. दोन्हीच्या मागे लागून हात रिकामे राहिले तर?"

माझ्याही मनात तेच होतं. वहीला काय लपवायचं! किलो रोज मला हाक देतं. सकाळी चहानंतर, संध्याकाळी आंघोळीनंतर. ते माझ्या ओळखीचं झालंय. पावशेर कधी हललंच नाही. त्याच्यासाठी किलोला पणाला लावू?

नवऱ्याला सांगितलं. खूप भांडलो. तो म्हणाला, "हलत नाही म्हणून ते नाही का?" मी म्हटलं, "पोट माझं आहे, मला कळतं कोण आहे आणि कोण नाही!"

पान्हा उचलून कामावर गेला. कुणाच्या घरी काम नव्हतं, मला माहीत आहे.

८ मार्च, शनिवार

कागद फ्रिजवर लावलाय. दूध काढायला गेलं की तोंडासमोर. दिवसभर दूधच काढलं नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी हा बाजूला येऊन बसला. म्हणाला, "एक विचारू? काटा कमी दाखवतोय असं आढळलं तर लगेच भंगारात टाकतेस?"

"नाही. दुरुस्तीला मुदत देतो. मग परत तपासतो."

"का?"

"नियम आहे."

"मग पावशेरला नको मुदत?"

असा राग आला! माझ्याच धंद्यातलं काढून मलाच ऐकवतोय. तासभर फेऱ्या मारल्या, खिडकी ते दार, दार ते खिडकी. मग कागद काढला आणि लेसरच्या चौकटीत खूण केली. खाली सही केली.

पण खरं लिहिते. मन मोठं करून नाही केली. किलोला काही झालं तर मी पावशेरला कधीच माफ करणार नाही, असं सही करताना वाटत होतं. अजून वाटतंय.

१० मार्च, सोमवार

झालं. मी जागी होते, फक्त कमरेखाली बधिर. छेद उजवीकडे, शर्टाच्या बटणाएवढा. मला वाटलं होतं डावीकडून जातील. पाणी जिकडे जास्त तिकडूनच दुर्बीण घालणार, असं म्हणाले होते. असो, त्यांचं त्यांना माहीत. सर्जन एकेक जोड बंद करताना मोजत होते. सहा... सात... हा आठवा. मग बादलीभर वाटावं एवढं पाणी काढलं. पोट एकदम हलकं झालं.

"आता चोवीस तास वाट बघायची," म्हणाले. वाट बघणं मला कधी जमलंय?

११ मार्च, मंगळवार, सकाळी

चहा आला आणि डाव्या कुशीत लाथ! चांगली ठसठशीत. किलो आहे! नवऱ्याला खुर्चीतून हलवून उठवलं. त्याने विचारलं, "आणि उजवीकडे?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे. अकराला सोनोग्राफी.

११ मार्च, दुपारी

ठोका एकच. किलो गेलं.

मी डॉक्टरीणबाईंशी भांडले. कसं शक्य आहे, सकाळीच लाथ मारली, ही इथे, डावीकडे! त्यांनी माझा हात धरला आणि पोटाच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवला. "ते इथे होतं. पडद्यावरचं डावं म्हणजे तुमचं उजवं. डावीकडे पहिल्यापासून छोटंच आहे."

ज्याला मी ओळखत नव्हते, तेच रोज मला हाक देत होतं. त्याचीच नाळ बंद करायला निघाले होते मी.

आताही देतंय.