अब्बांकडे उरलेले शब्द

शिळफाटा, खोपोली
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाई,
अस्सलामु अलैकुम.

तू खुशाल असशील. तुझा दोस्त आमिर सुट्टी संपवून परवा बहरीनला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. तुझा नंबर काही त्याने दिला नाही. "त्यानं शपथ घातलीय गं," म्हणाला. पत्र मात्र नेतो म्हणाला. तेवढं पुष्कळ झालं.

इकडे थंडी आता ओसरलीय. अम्मीचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मी मोहोपाड्याच्या शाळेत शिकवते, आठवीचा वर्ग आहे. पोरं गोड आहेत, दंगा फार करतात. बेकरी सध्या बंद आहे.

बंद का, ते सांगायला हवं.

गेल्या मे महिन्यात भट्टीतून पाव काढता काढता अब्बा खाली बसले. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पनवेलच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं कळत होतं, पण शब्द सापडत नव्हते. पाणी म्हणता येईना. अम्मीला हाक मारायला जायचे आणि 'शकिला' ओठांवर यायचंच नाही. मग एका सकाळी चहाच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "बॅटर."

अम्मीला वाटलं, काहीतरी बरळतायत. मला कळलं. केकच्या पातळ पिठाला तू म्हणायचास, तो तुझा शब्द होता.

कर्जतच्या रिसॉर्टमध्ये किचनला होतास, तेव्हा घरी येताना रोज एखादा नवा शब्द आणायचास. "अब्बा, याला पीठ नाय म्हणायचं. डो. फुगत ठेवतो ना, ते प्रूफिंग." अब्बा हसायचे. "तुझ्या इंग्रजीनं पाव जास्ती फुगतो काय रं?" पुढे इलेक्ट्रिक ओव्हनवरून भांडण पेटलं, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर ओरडले होते, "तुझे साहेबी शब्द घे नि चालता हो!" तू गेलास. आणि आता त्यांच्याकडे तेवढेच शब्द राहिले होते. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, कुणाचं काय शाबूत राहील ते सांगता येत नाही.

मग घर त्याच शब्दांवर चालायला लागलं. भूक लागली की 'डो'. पंखा लाव म्हणजे 'फोल्ड'. अम्मी झाली 'आयसिंग', मी 'क्रस्ट'. आपल्या पायरीवर भाजी घेऊन बसते ती सोनुबाई, तिला बघून म्हणाले, "यीस्ट!"

"म्हंजे काय गं फराह?" तिने विचारलं.

"खमीर."

"मंग बरोबर हाय की. मी बसते म्हणून तर तुमची बेकरी फुगते!"

अब्बा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आजारपणात तेवढंच.

पावसाळ्यात एकदा मी त्यांना फोनमधले जुने फोटो दाखवत होते. तुझा फोटो आला. रिसॉर्टच्या पांढऱ्या कोटातला, पीठ लागलेल्या नाकाचा. अब्बांनी माझा हात धरला. "बॅटर," म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "क्रस्ट... ग्लेझ..." नाही. एकेक शब्द काढायचे आणि टाकून द्यायचे. शेवटी डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर मारत रडायला लागले. आम्हा सगळ्यांना काही ना काही नाव मिळालं होतं, भाई. तुझ्यासाठी त्यांना दुसरं कुठलंच चालत नव्हतं.

मी म्हटलं, "अदनान." त्यांनी मान डोलावली, पुन्हा म्हण अशी खूण केली. मग रोज संध्याकाळी मी समोर बसायचे. माझ्या हनुवटीला बोटं लावून, ओठ कसे हलतात ते अब्बा बघायचे. 'अ' आला. दिवाळीपर्यंत 'अद' आला. अम्मी आत भाकऱ्या थापायचं थांबवून ऐकत राहायची.

पूर्ण नाव आलं का, हे तू विचारशील. नाही आलं.

डिसेंबरात दुसरा झटका आला. भाई, अब्बा गेले. घरीच गेले. अम्मी उशाशी होती. तुला कळवायला मी दोन ठिकाणी फोन केले, कुणाकडे तुझा पत्ता नव्हता. आमिरचा फोन लागला नाही. मौलाना तुझ्यासाठी दफन थांबवायला तयार होते. अम्मीच म्हणाली, थांबवू नका त्यांना. मातीला शेजारचा निलेश आणि त्याचे वडील पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. मुलाच्या जागी कबरीत कुणी उतरायचं म्हणून थोडी कुजबुज झाली. मग आमिरचे अब्बा उतरले.

हे सगळं मी लिहायचं नव्हतं. अम्मीने बजावलं होतं, "निस्तं ये म्हणून लिही. बापाचं काय झालं ते मी सांगीन त्याला, माझ्या तोंडानं. तिकडं परक्या मुलखात रडला तर कोण धरंल?" आमिरलाही तिने गप्प राहायला सांगितलंय. मी तिचं ऐकलं नाही. अब्बा भेटतील म्हणून मनात भांडण नाहीतर माफी जुळवत तू विमानातून यावंस, हे मला सोसवलं नसतं.

पण अम्मी दारात उभी असेल. गेले कित्येक दिवस ती मनातल्या मनात तुला कसं सांगायचं ते घोकतेय. ती सांगेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोयस असं ऐक, भाई. तिला सगळं बोलू दे.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तू यावंस म्हणून दुवा मागणारी
तुझी फराह