माझी बुलेट कोणाच्या हाती जावी आणि कोणाच्या नाही

मी, पंचशीला नरसिंग सोनकांबळे, वय बावन्न, शिक्षण मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे व विद्यार्थ्यांची खानावळ, राहणार लातूर, काल वैशाख पौर्णिमेची वंदना करून आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. तब्येत ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे, कोणी दमदाटी केलेली नाही. राग मात्र आहे. राग सोडावा असे विहारात सांगतात. वंदनेला बसते तेव्हा मी तो बाजूला ठेवते, उठले की परत घेते.

१. लातूरचे राहते घर मुलगा संघपाल व सून बुद्धप्रिया यांना निम्मे-निम्मे. दोघांच्या सहीशिवाय विकता येणार नाही. खानावळीची मोठी पातेली विहाराला द्यावीत, खिरीसाठी. ती आतून घासायची, बाहेरूनही घासायची. नुसती खंगाळून ठेवू नयेत.

२. भूकंपानंतर सरकारने निलंगा तालुक्यात दिलेल्या घरात माझा दीर भुजंग राहतो. त्याने मरेपर्यंत राहावे. त्याच्यामागे ते संघपालला. भुजंगला याहून काही नाही, आणि का नाही ते पुढच्या कलमात आहे.

३. बुलेट मोटारसायकल. माझे पती पशुधन पर्यवेक्षक होते. त्यांनी ती १९८४ साली घेतली. मित्रांबरोबर बिदर, हंपी, पार गोव्यापर्यंत फिरले. मी नऊ वर्षांत दोनदा मागे बसले. शिकवा म्हटले की एकच उत्तर, "पाडशील."

तीस सप्टेंबर त्र्याण्णवला पहाटे भूकंपात भिंत त्यांच्या मांडीवर पडली. मी आणि शेजाऱ्यांनी दगड काढले, साडी फाडून मांडी बांधली. रक्त थांबेना. संघपाल दहावीला म्हणून लातूरला होता. गाडी अंगणात लिंबाखाली उभी, तिला ओरखडा नाही, टाकी भरलेली. दवाखाना पाऊण तासावर. आमच्या वस्तीत ती चालवता येणारे दोघेच, एक हे आणि दुसरा भुजंग. भुजंग बैल बघायला उदगीरला गेलेला. मी चावी घेतली तर हे पडल्या पडल्या म्हणाले, "हात लावू नको. पाडशील." मी चावी खाली ठेवली. जीप आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. हे त्याआधीच गेले.

त्यांच्यावरचा हा राग माझा स्वतःचा आहे. तो मी वारसांत वाटत नाही.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसे अजून जेवत असताना, भुजंगने चावी मागितली. "वहिनी, तुमाला काय करायची? दारात गंजून जाईल." मी म्हणाले, "गंजू दे. माझ्या दारात गंजंल." तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. मीही बोलत नाही.

४. लातूरला येऊन खानावळ टाकली. क्लासेसचे पीक नुकतेच आले होते, गल्लोगल्ली पोरे. ताहेरभाई मेकॅनिक यांनी मला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर गाडी शिकवली. "भाभी, आगे देखो. चाक को क्या देख रहे, वो कहीं नै जाता." साडीखाली ह्यांची पँट घालत असे. चार वेळा पाडली. चारही वेळा स्वतः उचलली.

लायसन काढले, गाडी नावावर केली. पुढे दर दिवाळीला पोरे गावी गेली की खानावळीला कुलूप लावून निघायचे. आधी नांदेड, बहिणीकडे. मग अजिंठा, नागपूरची दीक्षाभूमी, सांची. दोन हजार चारला बुद्धगया. जाऊन यायला एकोणीस दिवस लागले. डबे घरचे, मुक्काम विहारात किंवा धर्मशाळेत. कुठे पोहोचले, किती किलोमीटर झाले, ते निळ्या वहीत आहे. कोणाला खोटे वाटले तर वाचावे.

५. आता संघपालविषयी. तो क्लासेस चालवतो, शिकवतो चांगले, हे मी नाकारत नाही. मागच्या महिन्यात भाजी आणायला गेले तर त्याच्या क्लासच्या बोर्डावर माझी गाडी. नंबर प्लेटसकट फोटो. "बारावीत आमच्याकडून पहिला येणाऱ्यास कालकथित नरसिंग सोनकांबळे स्मृती पारितोषिक: बुलेट."

घरी आल्यावर विचारले.

"आई, जुनी गाडी हाय ती. पॉलिश मारून देऊ. जाहिरात लई झाली."

"गाडी कोणाच्या नावावर हाय?"

"बाबांची तर हाय."

"मला विचारलंस का?"

"पन्नाशी उलटली तुझी. पालक विचारून राहिलेत, सर, बुलेटवरच्या बाई तुमच्या आई का म्हणून. मी काय सांगू?"

मी म्हणाले, "हाव म्हणून सांग." तो जेवणाचे ताट ठेवून उठला. त्याच्या शिक्षणासाठी मी परक्या पोरांचे अन्न रांधले, वर्षातून पंधरा-वीस दिवस तेवढे माझे होते. त्याने तेवढेच वाटायला काढले.

६. म्हणून लिहिते. बुलेट, तिची चावी, हत्यारांची पिशवी, दोन्ही हेल्मेटे व निळी वही सून बुद्धप्रिया हिला. संघपालचा गाडीवर हक्क नाही. तिने ती त्याला चालवायला देऊ नये. त्याला कुठे जायचे असल्यास त्याने मागे बसावे आणि वळणावर सूचना देऊ नयेत. ज्या पोराला बोर्डावर शब्द दिला त्याला फसवू नये; संघपालने स्वतःच्या कमाईची नवी गाडी आणून द्यावी.

संघपाल म्हणेल, तिला कुठे येते. येते. वर्षभर ती रविवारी विहारात जाते असे मी त्याला सांगत आले, ती रेणापूरच्या रस्त्यावर गाडी चालवत होती. हे खोटे बोलणे माझ्या खाती, तिच्या नाही. लायसन फेब्रुवारीत आले, डाळीच्या डब्यात आहे. तिने गाडी एकदाच पाडली.

७. जिला मिळते तिची साक्ष चालत नाही, म्हणून बुद्धप्रियाची सही घेतलेली नाही. उद्या सोमवारी दहा वाजता हे नोंदणी कार्यालयात नेऊन द्यायचे आहे. बुद्धप्रिया बुलेट काढील. क्लास सुटायच्या वेळेला, त्या बोर्डासमोरून जाऊ. मी मागे बसणार आहे.

साक्षीदार, माझ्यासमोर व एकमेकांसमोर:
१. ताहेर मेकॅनिक (सही)
२. गौरम्मा, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

लिहून देणार: पंचशीला न. सोनकांबळे (सही)
लातूर, रविवार, १० मे २००९