सुजेच्या पुढची रेघ

३ मे
आले एकदाची! फिनिक्सहून साडेतीन तास. निम्म्या वाटेत गाडीच्या एसीने मान टाकली आणि मागच्या सीटवर टॅन्झीने माझं सँडविच कागदासकट खाल्लं. पण पालो सेको गावाच्या फाट्याला वळले, ते लाल डोंगर दिसले, आणि मी एकटीच मोठ्याने गायला लागले. बारा वर्षं प्राण्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात सात डॉक्टरांतली सातवी म्हणून राबले. इथे पहिली मीच आणि शेवटचीही मीच.

दवाखाना छोटा आहे. पुढे दोन बाकं, मधे तपासणीची खोली, मागे सहा पिंजरे. त्यामागे माझ्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टॅन्झीने सगळं हुंगून मंजूर केलं. नऊ वर्षांची झाली, पण पांढरीशुभ्र कुत्री अजून नवरीसारखी मिरवते. लग्न मोडलं तेव्हा घर त्याने घेतलं, कुत्री मी घेतली. फायद्यात मीच राहिले. तिच्यावाचून माझं कसं होईल हा विचार मी करत नाही.

मदतनीस डेल्फीना ओरोस्को, वय साठीला टेकलेलं, अठ्ठावीस वर्षं इथेच. माझ्या पायांकडे बघून तिने पहिलं वाक्य काय टाकलं, तर "डॉक्टोरा, असल्या उघड्या चपलांत फिरलात तर या सापांच्या मोसमातली पहिली पेशंट तुम्हीच." आमचं जमणार.

४ मे
डेल्फीनाने फ्रीज दाखवला. प्रतिविषाच्या सहा कुप्या. खुळखुळ्या साप चावलेलं कुत्रं आलं की याच. पुढच्या कुप्या टूसॉनला, दोन तासांवर. मालाची गाडी गुरुवारी येते, म्हणजे आली तर.

माझ्या आधीचे डॉक्टर स्ट्राउड तीस वर्षं इथे होते, गेल्या ऑक्टोबरात वारले. दंश झालेल्या जागेचे केस ते काढायचे, सुजेच्या कडेला जांभळ्या मार्करने रेघ मारायचे आणि बाजूला वेळ लिहायचे. पंधरा मिनिटांनी पुढची रेघ. सूज धावतेय की दमलीय ते त्यावरून कळतं. आम्ही सगळेच हे करतो, फक्त मी काळा मार्कर वापरते. त्यांचा जांभळा मार्कर खणात वाळून पडला होता, तो फेकून दिला. डेल्फीनाला ते आवडलं नसावं.

११ मे
पहिला दंश. शाळेची बस चालवणाऱ्या लोरेटाचा बीगल, नाव बँजो. पुढच्या पायावर दोन भोकं, पाय दुधीभोपळ्याएवढा. मी केस काढले, तर खाली, कोपराच्या वर, जांभळी रेघ! बाजूला ३:४०. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सव्वादोन वाजले होते.

मला वाटलं लोरेटाने घरी काढली असेल. ती उखडलीच. "मी गाडी हाकू का कुत्र्यावर चित्रं काढत बसू?"

दोन कुप्या दिल्या. सूज चढत चढत बरोबर ३:४० ला त्या रेघेला टेकली आणि तिथेच थांबली. संध्याकाळी बँजोने उकडलेली कोंबडी खाल्ली आणि डेल्फीनाचा ॲप्रनही चाटला. ती रेघ बघून तिने एवढंच म्हटलं, की डॉक्टरांना रजा घेणं कधी जमलंच नाही.

१९ मे
पुन्हा एक दंश, पुन्हा रेघ. गुरं राखणारी मोठी कुत्री, तीन कुप्या लागल्या, पण वाचली. सूज रेघेवर, ठरलेल्या मिनिटाला थांबली.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. तरी खरं सांगायचं तर भीती वाटली नाही, बरं वाटलं. कुणी अनुभवी माणूस मागे उभं राहून "घाबरू नकोस" म्हणतंय असं. डेल्फीनाने कॉफी ओतता ओतता मला नीट समजावलं. रेघ त्यांची, औषध आपलं. सूज कुठवर जाईल ते डॉक्टर सांगतात, थांबवायची आपणच. औषध दिलं नाही तर रेघेला विचारतो कोण?

एक कुपी उरली आहे. गुरुवारी गाडी येईल.

३० मे
गाडी आली, कुप्या आल्या नाहीत. सगळीकडेच तुटवडा आहे म्हणे. टूसॉनलाही फोन केला, ते स्वतःपुरत्याच राखून आहेत.

संध्याकाळी टॅन्झीला आंघोळ घातली. ओले केस अंगाला चिकटले आणि पुढच्या डाव्या पायावर, पार खांद्याजवळ, गुलाबी कातडीवर जांभळी रेघ दिसली. वेळ नव्हती, नुसती रेघ.

नखापासून शेपटीपर्यंत तिला तपासलं. कुठेही भोक नाही. स्पिरिटने घासलं, जाईना. ती बिचारी माझं मनगट चाटत राहिली. म्हणजे अजून व्हायचं आहे.

उरलेली कुपी दवाखान्याच्या फ्रीजमधून काढून माझ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवली, लोण्याच्या मागे. नीट राहावी म्हणून. बाकी काही नाही.

४ जून
लिहायचं नव्हतं. लिहिते.

डेल्फीना बहिणीच्या ऑपरेशनला टूसॉनला गेली होती. सकाळी अकराला डॉन युसेबियो तारांगो आले; इथे वडीलधाऱ्यांना मानाने 'डॉन' म्हणतात. तांब्याच्या खाणीत काम करून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, एकटे. हातांत कनेला, त्यांची छोटी दालचिनी रंगाची कुत्री. सरपणात साप होता. म्हातारा तिला उचलून पाऊण मैल चालत आला होता. शर्ट घामाने चिंब, आणि तिच्याशी सारखं बोलणं चालू, "झालंच पोरी, आलोच आपण, डॉक्टोरा आहे ना."

मी केस काढले. रेघ होती. कोपराच्या खालीच, बाजूला ११:५०. एवढीशी कुत्री, एक कुपी पुरली असती. ती वाचणार होती. मला ते स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, औषध संपलंय.

शांतपणे म्हटलं. बारा वर्षं वाईट बातम्या सांगताना कमावलेला आवाज वापरला. टूसॉनला न्या, मी म्हटलं, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कनेलाकडे. मी सलाईन लावलं, वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शनसाठी कुत्र्यांना मी "पाय" म्हणते. तिने स्वतःहून पाय पुढे केला. कुणी तरी शिकवलं होतं तिला.

११:५० ला सूज रेघ ओलांडून गेली. मी माझी एकही रेघ काढली नाही. सव्वाबाराला ती गेली. डॉन युसेबियोंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "तुमच्याकडे असतं तर तुम्ही दिलंच असतं, मला ठाऊक आहे."

भिंतीपलीकडे, वीस पावलांवर, लोण्यामागे.

५ जून
डॉन युसेबियोंनी तामाले आणून दिले, मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले. स्वतः केलेले, कापडात गुंडाळून. मी कष्ट घेतले म्हणून. मी ते खाल्ले नाहीत आणि टाकूनही देऊ शकले नाही.

टॅन्झीची रेघ गेली! कातडी स्वच्छ. मी इतकी रडले की ती घाबरून कॉटखाली शिरली. संकट टळलं असं समजले. रात्री अंथरुणात लक्षात आलं, की याचा दुसराही अर्थ होतो: सुजेला थांबायला आता जागाच नाही.

डेल्फीनाने आल्या आल्या फ्रीज उघडला. कुपी कुठे म्हणून विचारलं. हातातून पडून फुटली, मी म्हटलं. तिने केराची बादली पाहिली. मग माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हात धुवायला गेली.

७ जून
एक दंश. साप चावला होता, पण विष सोडलं नव्हतं, नशीब त्या कुत्र्याचं. केस काढले, रेघ नाही. डेल्फीनाने दुसऱ्या पायाचेही काढले, पोटाचेही. नाही.

डॉक्टर गेले, ती म्हणाली. इतकी वर्षं येत राहिले, बायको गेली तेव्हाही आले, स्वतः मेले तेव्हाही आले, आणि आता गेले. तिने तिचा कॉफीचा मग धुतला आणि पिशवीत घातला. उद्यापासून येणार नाही, म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

८ जून
अकरा वाजता, लख्ख उन्हात, फरशीवर नखांचा आवाज. हलक्या कुत्र्याचा. टॅन्झी माझ्या पायाशी झोपलेली होती. आवाज दवाखान्यातून स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीजसमोर थांबला. जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. फरशीचा एक तुकडा उबदार होता, कुत्रं बसून उठल्यावर असतो तसा.

९ जून
अकराला पुन्हा. टॅन्झी स्वयंपाकघरात यायला तयार नाही. उंबऱ्यावर उभी राहून आत बघते, केस ताठ. मी कुपी दुसरीकडे हलवायचं ठरवलं. फ्रीज उघडला तर पायाला गार नाक लागलं.

१० जून
आज तपासणीच्या टेबलावर होती. दिसली. दालचिनी रंग, एक पाय सुजून काळा, दुसरा पुढे केलेला. तो तसाच धरून वाट बघत होती. गुरगुरली असती तर मी पळाले असते. शेपटी हलवली.

मी दारातून म्हटलं, औषध संपलंय. तिलासुद्धा तेच म्हटलं.

११ जून
डॉन युसेबियोंकडे गेले, सगळं सांगायला. त्यांनी खुर्ची पुसून दिली. अंगणात तिच्या भांड्यात ताजं पाणी होतं. सवय जात नाही, म्हणाले. मग हळूच विचारलं, तिला फार दुखलं का हो? मी नाही म्हटलं. बाकीचं न सांगताच उठले. परत आले.

उद्या कुपी डेल्फीनाच्या हातात देणार. नक्की. जो कुत्रा आधी येईल त्याला —

१२ जून, १०:४०
टॅन्झी — मागच्या पायरीखाली — डावा पाय, दोन भोकं. साप पाहिला, मोठा होता. तिला उचलून आत आणलं, फ्रीजपाशी ठेवलं. रेघ नाही. शोधली, कुठेच नाही —

१०:४६
कुपीत पाणी घातलं. भुकटी विरघळत नाही. हलवायची नाही, फेस होतो, तळहातांत फिरवायची नुसती. फिरवते आहे. एका हाताने लिहिते, नाहीतर ओरडेन. सूज घोट्याच्या वर.

१०:५५
अजून गुठळ्या आहेत. टॅन्झी धापा टाकते आहे. कोपर —

११:०२
विरघळलं! तिला टेबलावर घेतलं. "पाय" म्हटलं, लगेच पुढे केला. माझी शहाणी. केस काढायचं मशीन फिरवलं, शीर पहिल्या झटक्यात मिळाली. सगळं दिलं, थेंबही ठेवला नाही.

११:१०
शांत झाली. श्वास लांब, सरळ. सूज उतरते आहे, डोळ्यांदेखत. इतक्या लवकर उतरलेली मी कधी पाहिली नाही. माझा हात चाटते आहे. वाचली. देवा, वाचली.

११:१३
फरशीवर कापलेले केस पडलेत. लालसर आहेत.

टॅन्झी पांढरी —

११:१४
टेबल रिकामं. सलाईनची नळी लोंबते आहे. पुढचं दार उघडं, नखांचा आवाज बाहेर, रस्त्यावर, दुडक्या चालीने, घरी निघाल्यासारखा —

स्वयंपाकघरात कण्हतंय कुणीतरी —

११:१५
टॅन्झी इथेच होती. फ्रीजपाशी. मी ठेवली तिथेच. टेबलावर घेतलं ते हिला नव्हतंच —

कुपी कोरडी. टूसॉन दोन तास. डेल्फीना फोन उचलत नाही

रेघ काढली, कोपराच्या वर, ११:१८

दुसरी ११:२१ पंधरा मिनिटं थांबायचं असतं पण सूज थांबत नाही

११:२३ खांदा

बघ इकडे, टॅन्झी, माझ्याकडे बघ, दिलं होतं गं मी, तुलाच दिलं होतं, तुझ्यासाठीच तर मी —