धूर लागलेली करंजाची पानं

पुणे, सोमवार

चि. धाकलूस देवकीताईचा आशीर्वाद.

फोन उचलत नायस, म्हणून लिहिते. मी बरी आहे, दोन वेळा जेवते, आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

आता ऐक. तू पाठवलेली करंजाची पानं वाया गेली. इथे कॉलेजात ती उकळून त्या पाण्यापासून भुकटी करतात, कण डोळ्याला दिसणार नाय इतकी बारीक. ती सोलरच्या काचेवर लावली की वीज जास्त निघते. या वेळी गुठळ्याच झाल्या, वीज उलट कमी आली. मॅडम हे काम करणाऱ्या रंजितावर ओरडल्या, तूच मापात चुकलीस म्हणून. पोरीचं चार वर्षांचं शिक्षण या कामावर आहे. ती दिवसभर जेवली नाय.

मी इथली भांडी घासणारी, पण पोतं हुंगलं आणि कळलं. सावलीत वाळव म्हटलं होतं ना? आणि तू चुलीवरच्या माळ्यावर टाकलीस, बोंबील ठेवल्यासारखी! धूर बसला त्यांना.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "सावलीत वाळवायचं हे भावाला आधी सांगायचं कोणी?"

"मीच. विसरले," म्हटलं.

रंजिताला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. मला ठेवतात का, तेपण तेव्हाच कळेल. आईजवळ हे बोलू नको.

नवी पानं तोड, पडवीत पसर आणि मुरबाडहून एसटीने पाठव. पोतं बांधण्याआधी स्वतः हुंग. तुझी चूक दुसऱ्यांदा माझी म्हणता येणार नाय.

तुझी ताई,
देवकी