एफिससला उतरलेले बाबा

बाबा,

पत्ता माहीत नाही, म्हणून हे पत्र खिशातच राहील.

बारा वर्षांनी तुम्ही आलात, तेही जहाजातून, छातीवर पर्यटकांच्या चौदा नंबरच्या गटाचा स्टिकर लावून. त्या गटाच्या मागे चालून रेंगाळणाऱ्यांना हाकणारा तो मीच होतो. (एफिससच्या अवशेषांतली मांजरं हल्ली फार माजलीत, पडक्या खांबांवरून हलतच नाहीत. असो.)

"बेटा, अजून किती चालायचं रे? ही दमली," नव्या बायकोकडे बघत तुम्ही विचारलंत. बेटा काय, आपल्या तुर्कस्तानात चहावाल्यालाही म्हणतात.

"झालंच, काका. गाव कुठलं तुमचं?"

"इथलंच होतं. आता कोणी नाही माझं इथं."

तीन किलोमीटरवर, सेल्चुक गावात आपल्या गच्चीवर, आई अंजिरं वाळत घालत होती. मी गट पुढे हाकला.

जाणाऱ्याच्या मागे आपण पाणी ओततो, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा आईनं अख्खी बादली ओतली होती. बंदरावर प्रत्येक गटामागे मीही बाटलीभर ओततो, पाहुण्यांना गंमत वाटते. आज तुम्ही जहाजाकडे वळलात, आणि ते पाणी मी पिऊन टाकलं.

तुन्जाय