पांढरी गाडी, जुना सेट आणि टिल्लू

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, मुलींच्या शाळेची निवृत्त शिवणशिक्षिका, हे लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. वाचा, शुद्ध आणि राग हे तिन्ही शाबूत असताना, कोणी भरीस न घालता, मी माझ्या मागची व्यवस्था लावत आहे. समोर बसलेल्या वकीलबाई म्हणतात, थोडक्यात लिहा. प्रयत्न करते. त्यांनी एक नियम आधीच बजावला आहे: ज्याला या कागदातून काही मिळते, त्याने साक्षीदाराची सही करायची नाही.

१. राहते घर माझा मुलगा टिल्लू हयात असेपर्यंत त्याचे. टिल्लू चौतीस वर्षांचा आणि सहा फूट उंच आहे. यजमानांनी लाडाने ठेवलेले नाव अंगाला पुरेनासे झाले, पण तो दुसऱ्या हाकेला वळत नाही. तो बोलत नाही आणि घड्याळाच्या काट्यावर जगतो. घर विकून त्याला संस्थेत ठेवा, असे नणंदबाई सुचवतात. मी दोन संस्था पाहून आले. दोन्ही स्वच्छ होत्या. संध्याकाळी गाडीतून फिरवून आणाल का, असे विचारल्यावर दोन्हीकडे मला चहा पाजला गेला आणि विषय बदलला.

२. शिलाई मशीन धाकट्या भावजयीला. मोठी कात्री नणंदबाईंना. त्यांच्या जिभेची धार वयोमानाने कमी झाली आहे, तेवढीच मदत.

३. बँकेतली ठेव टिल्लूच्या औषधपाण्याला आणि गाडीला.

४. गाडी. पांढरी, सत्तावीस वर्षांची, यजमानांनी घेतलेली. रोज पाच वाजता टिल्लू ड्रायव्हरशेजारी बसतो, गाडीतल्या टेपच्या सेटमध्ये कॅसेट ढकलतो (पूर्वी यजमानांनी भरून ठेवलेल्या अकरांपैकी एक), खट् वाजते आणि गाणे लागते. पाण्याच्या टाकीला वळसा घालून तासाभराने परत. मग तो जेवतो, झोपतो. फेरी चुकली तर जेवत नाही आणि स्वतःचा डावा हात चावतो. यजमान गेले तेव्हा बाराव्या दिवशी मी गाडी शिकायला लागले, ती याचसाठी.

सहा वर्षांपूर्वी सेटने शेवटची कॅसेट चावून टाकली. सगळी गाणी भाचीने माझ्या जुन्या फोनवर भरून दिली, पण ती गाडीत वाजणार कशी? आधी सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचे एक स्वस्तातले यंत्र आणले. ते फोनवरचे गाणे गाडीच्या रेडिओवर वाजवायचे, पण टाकीपाशी पोचलो की गाण्यात दुसरे स्टेशन घुसायचे आणि कोणीतरी प्लास्टिकचे पाइप विकायला यायचा. मग मी चौकातल्या गाडीच्या इलेक्ट्रिशियनला गाठले. त्यांना सगळे तारवाले म्हणतात. मी म्हटले, जुना सेट काढा, फोनवरून गाणी लागणारा स्वस्तातला नवा बसवा.

ते म्हणाले, "बाई, आधी टिल्लूला दाखवू या का? त्याला चालेल का बघू."

मी म्हटले, "त्याला काय कळतंय? तुम्ही बसवा."

हे वाक्य मी आई असून बोलले. तारवाल्यांनी सेट बसवला आणि जुना भंगारात गेला. पाच वाजता टिल्लूने कॅसेट ढकलायला हात पुढे केला, तर नव्या सेटला कॅसेटचे तोंडच नाही. तो गाडीतून उतरला आणि एकेचाळीस दिवस गाडीत बसला नाही. पेज भरवून कसाबसा जगवला; हाताला टाके पडले. मी भर चौकात तारवाल्यांना म्हटले, "तुझ्या हाताला यश नाही. माझ्या पोराचा घास काढलास तू."

त्यांनी तीन दिवस भंगारवाल्यांची दुकाने पालथी घालून तोच सेट शोधून आणला, पुन्हा बसवला, आणि सोबत एक कॅसेट दिली. ही कॅसेट दिसायला कॅसेटच, पण आत फीत नाही. तिची वायर फोनला लागते. सेट ती बाहेर फेकत होता, म्हणून तारवाल्यांनी तिच्यातले एक दातेरी चाक काढून टाकले. टिल्लूने ती ढकलली. खट् वाजले. त्या रात्री तो जेवला. तारवाल्यांनी पैसे घेतले नाहीत आणि त्यानंतर माझ्या दारातही आले नाहीत. चूक माझी होती. तोंडाने म्हणायला सहा वर्षांत जमले नाही, म्हणून इथे लिहिते.

५. अशा आणखी तीन कॅसेटी सुयांच्या डब्यात आहेत. सेट कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, बदलू नये.

६. घरात राहायचा हक्क, गाडी आणि ठेवीचा कारभार त्याला, जो टिल्लूला सांभाळेल आणि रोज पाच वाजता त्याच्याशेजारी बसेल. त्याचे नाव: ____________

ही जागा रिकामी आहे. भाऊ "बघू" म्हणाला. भाची परदेशी चालली आहे. मी कोणाकोणाचे पाय धरले ते लिहीत नाही. माझ्या मरणाचे मी बघून घेईन, पण उद्याही पाच वाजतील, त्याचे काय करू?

पुरवणी, त्याच दिवशी.

साक्षीला वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. दुसरे साक्षीदार म्हणून वकीलबाईंनी चौकातून तारवाल्यांना बोलावून आणले. वकीलबाईंना आमचे भांडण माहीत नव्हते. मी मान वर केली नाही. वाचायची गरज नाही, नुसती सही करा, असे तारवाल्यांना सांगितले. त्यांनी खिशातून चष्मा काढून उभ्याउभ्या सगळे वाचले. चौथे कलम दोनदा वाचले.

मग म्हणाले, "ज्याला यातून काही मिळतं, त्याची सही चालत नाही ना?"

"नाही चालत," वकीलबाई म्हणाल्या.

त्यांनी पेनाला टोपण लावले. "मग दुसरा साक्षीदार बघा. आणि बाई, गाडीची किल्ली कुठंय? पाचला पाच कमी आहेत."

कलम ६ मधली रिकामी जागा मी माझ्या हाताने भरली आहे. अक्षर माझेच आहे.

सही: टिल्लूची आई

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे डॉक्टर
साक्षीदार २: ~~चौकातले तारवाले~~ शेजारचे पोस्टमन (निवृत्त)

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, पाच वाजून दोन मिनिटे. खाली खट् वाजले, मी खिडकीतून ऐकले.