वहिनीच्या फळीवरची माझी टिपणं

ती. सौ. वनमालावहिनीस,

मुलुंडला सगळे खुशाल असाल आणि तुझा गुडघा जिना चढताना तुझं ऐकत असेल, असं धरून बोरीवलीहून हेमांगीचा नमस्कार. दादा आज इकडे आलाय, त्याच्याच हाती पत्र पाठवतेय. फोनवर मला रडू येईल आणि तू रेंज नाही समजून हॅलो हॅलो करत बसशील.

चौदा वर्षांनी मला नोकरी लागली हे तुला ठाऊक आहे. ती तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अंधेरीची आमची कंपनी लॅबचे रिपोर्ट हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटरांना पोचवते. साहेब कृणाल (वय सत्तावीस, मला मॅम म्हणतो आणि फाँट मोठा करून देऊ का विचारतो) कॉम्प्युटरांना जोडायची फक्त रेस्ट नावाची नवी पद्धत जाणतो. रेस्ट म्हणजे शेजारणीकडे वाटी घेऊन जाणं. दार माहीत असतं, दे, घे, बदल, टाक, एवढंच बोलायचं. मागच्या वेळी काय नेलं ते शेजारीण लक्षात ठेवत नाही (आपल्या शेजारणींना हे लागू नाही). पण एका हॉस्पिटलची यंत्रणा जुनी, सोप पद्धतीच्या वेब सर्व्हिसची. ते व्याह्यांचं घर. तिथे लिफाफा लागतो, त्यात वर मायना, खाली मजकूर, सगळं आधी ठरलेल्या यादीबरहुकूम. एक नाव चुकलं की अख्खं ताट परत, वर लेखी तक्रार. कृणालने आठवडाभर वाट्या पाठवल्या आणि सगळ्या परत आल्या.

गंमत अशी की ती यंत्रणा लग्नाआधी मीच जोडली होती. त्याची टिपणं माहेरी राहिली आणि तू ती डब्यांखाली घातलीस. त्यावरून मी बारा वर्षं फुगून बसले, भाऊबीजेलाही ओवाळून लगेच निघायचे. परवा दादाच्या वाढदिवसाला चहाचा डबा उचलला, तर खाली माझं पान बारा. तू पाहुण्यांना वाढत होतीस तेवढ्यात मी ते पर्समध्ये घातलं (जागेवर गॅसची पावती पसरली आहे, माफ कर). सोमवारी लिफाफा आत गेला. ते कागद तू रद्दीत दिले असतेस तर मी आज घरी असते. वहिनी, तुझे उपकार आहेत.

तुझी,
हेमांगी

ता. क. लिफाफा आत गेला, पण मायना चुकीचा म्हणून परत आला. मायना पान तेरावर आहे. ते वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीखाली दिसलं, पण माझा हात पोचला नाही. उद्या तुझ्याकडे नव्या किचनसाठी सुतार येतोय आणि शुक्रवारी माझे तीन महिने भरतायत. त्याला ती फळी तोडू देऊ नकोस. मी सकाळी सातला येते.

ता. क. २. पान बारा घरी आणून नीट पाहिलं. अक्षरांची बाजू वर आणि त्यावर प्लास्टिक. दादाला विचारलं तर म्हणाला, सगळ्याच पानांवर आहे, हेमाचं अक्षर आहे, हळद लागायला नको असं तूच म्हणायचीस. बारा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. उद्या पान मिळो न मिळो, मी जेवून जाईन.